बुटीबोरीत सापडलेले मुशीचे पर

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. मी तेव्हा नागपूरजवळच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना बुटीबोरी एमआयडीसीतला एक चहावाला आला.

"साहेब, मांगच्या गोदामातून मासळीचा वास येऊन राहिला. मासळीवाला तं तिथं कोणी नाही."

वन विभागाला कळवलं, पंच घेतले आणि छापा टाकला. पोत्यांवर 'सुकी मासळी' लिहिलं होतं. आत निघाले मुशीचे, म्हणजे शार्कचे, वाळवलेले पर. त्यांची निर्यात बंद आहे. मुशीच्या कित्येक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षणही आहे. किनाऱ्यावरचा हा माल इथे गाडी बदलून पूर्वेच्या सीमेकडे जायचा.

हाती लागला तो फक्त गोदामाचा राखणदार. पन्नाशीचा, मूळचा कोकणातला मच्छीमार. चौकशीत तो तोंड उघडेना. दरडावून पाहिलं, उपयोग झाला नाही. माझा अनुभव असा, की अगदी गप्प बसणारा माणूस बहुधा कशाला तरी जपत असतो. मी चहा मागवला आणि घरचं विचारलं.

"समुद्रावर का जात नाहीस आता?"

"मासळीच राहिली नाही, साहेब. इथे वारा सुटला की वाटतं, भरती आली. बाहेर येऊन बघतो तर ट्रक उभे."

मी जप्तीतले तळहाताएवढे पर त्याच्यासमोर ठेवले. "हे इतके लहान कसे?"

त्याने एक उचलून हातात धरला. "पिल्लांचे आहेत. मुशी उशिरा वयात येते, पिल्लंही थोडीच देते. ती दुबळी, आजारी मासळी उचलते, बाकीच्यांना आवरून धरते. ती संपली की समुद्राची घडी मोडते. पोत्यात काय येतं, ते मी मुद्दाम बघत नव्हतो."

"माल कोणाचा?"

"आमच्याच गावच्या बोटमालकाचा. नाव घेतलं तर गावात पाय ठेवता येणार नाही."

त्याने हातातला पर अलगद खाली ठेवला. मग नाव सांगितलं. बोटमालकाला अटक झाली, पुढची साखळीही सापडली. राखणदार माफीचा साक्षीदार झाला आणि त्याचं गाव खरंच तुटलं. सुटल्यावर तो बुटीबोरीतच एका कापड कारखान्यात लागला.

निवृत्तीनंतर एकदा त्याच्या खोलीवर गेलो होतो. तेवढ्यात त्याच्या भावाचा फोन आला; गावातला तेवढा एकच, अजून समुद्रावर जाणारा, त्याच्याशी बोलत होता. जाळ्यात मुशीचं पिल्लू अडकलं होतं, भावाने जाळं कापून सोडून दिलं होतं.

"पोहत गेलं ना?" याने विचारलं. मग हळूच म्हणाला, "फोन जरा पाण्याकडे धर."

डोळे मिटून तो कितीतरी वेळ ऐकत राहिला.

गुन्हेगाराला बोलतं करायला धाक लागतो, असं मी तोवर मानत आलो होतो. या माणसाला समुद्राच्या मायेने बोलतं केलं. आता मी ओळखीच्यांना सांगतो, मुशी ताटात नको, तिच्या तेलाच्या गोळ्या नकोत, आणि कुठे असा माल दिसला तर त्या चहावाल्यासारखं येऊन सांगा. समुद्र नागपूरपासून लांब आहे, पण त्याची लूट आपल्या दारावरून जाते.

तो मात्र अजून गावी गेलेला नाही.