दुपारची मराठी भक्ती

परतवाड्याहून आईला घेऊन मी निघाले त्या सकाळी चर्चमधले तुम्ही सगळे गाडीभोवती उभे होतात. पाळकांची प्रार्थना काही संपेना. माझे डोळे उघडेच होते. डिकीत पिठाचा डबा आडवा ठेवावा की उभा, ते बघत होते. आमेन झाल्यावर आईनं मला विचारलं, "तिथं मराठीत भक्ती होते ना?"

"होते ना. दर रविवारी दुपारी."

तेव्हा ती गाडीत बसली. बाबा गेल्यापासून मी तिला बोलावत होते आणि ती नाहीच म्हणत होती. आली ती या एका उत्तरावर.

ते खोटं नव्हतं. लग्न होऊन मी रायपूरला निघाले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "गाव सुटलं तरी चालते, चर्चची मंडळी सोडू नको." मी सोडली नाही. बूढापाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या होत्या, शेजारी कुणी ओळखीचं नव्हतं, पण रविवारी दुपारी इथल्या हिंदी चर्चमध्ये विदर्भातली रेल्वेवाली, स्टील प्लांटवाली घरं मराठी भक्तीला जमायची. पेटी, तबला, मराठी भजनं. मग चहा आणि कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलंय याची चौकशी. आठवडाभर "दीदी, दीदी" ऐकून आलेली मी तिथं दोन तास पुन्हा परतवाड्याची व्हायचे.

पुढे चौबे कॉलनीत घर झालं, मी चर्चच्या कमिटीवर गेले आणि दुपारची बाकं रिकामी होत गेली. म्हातारी माणसं गेली. पोरांना मराठी समजते, पण उत्तर हिंदीत येतं. माझी कृपा सरळ म्हणायची, "मम्मी, समझ में आता है, पर कुछ लगता नहीं." मग तिनं चर्चला येणंच सोडलं.

आई आली तेव्हा आम्ही मूठभर उरलो होतो. तिला तेवढं पुष्कळ होतं. शनिवारीच साडी काढून ठेवायची.

मग आमच्याकडे संजीवन सभा झाल्या. बाहेरून एक शिक्षक आले होते. आरडाओरडा नाही, रडारड नाही. संध्याकाळी शास्त्र उघडून बसायचं आणि शिकायचं. त्यांचं सांगणं साधं होतं. मंडळी नवी व्हायला हवी असेल तर आपण काय देवासाठी चालवतो आणि काय नुसत्या सवयीनं, ते आधी तपासा. तरुण मुलं प्रश्न विचारायला लागली. पहिल्या दिवशी मी ओढून नेलेली कृपा शेवटच्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन बसली होती.

सभा संपल्यावर कमिटीत मीच ठराव मांडला. दुपारची मराठी भक्ती बंद, सकाळी सगळ्यांची एकच, हिंदीत. मराठी बाईच म्हणते म्हटल्यावर विरोध कोण करणार?

चर्च भरायला लागलं. कृपा आता वेदीशेजारी उभी राहून वचन वाचते आणि घरी येऊन त्यावर माझ्याशी वाद घालते. ठराव बरोबर होता.

पण मग प्रभुभोजनाचा रविवार आला. प्रभूच्या नावानं मोडलेल्या भाकरीचं ताट आमच्या बाकाशी आलं आणि आईनं हात पुढे केला नाही. ताट धरणाऱ्या बाईंना वाटलं, तिला दिसलं नाही. "माताजी, लीजिए न." आईनं मान हलवली.

इथं कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तुमच्या लगेच आलं असतं. आपल्याकडे मनात कुणाविषयी काही असेल तर माणूस त्या ताटाला हात लावत नाही. आधी जाऊन त्या माणसाशी हात मिळवून सलाम करायचा, मग भाकर. कुणाचं कुणाशी बिनसलंय ते परतवाड्यात त्याच दिवशी कळतं.

घरी लाल भाजी निवडताना मी विषय काढला. "आई, माझ्यावर राग आहे?"

"तुह्यावर कसा राग करू? तुह्याच घरचं खाऊन राहिली ना मी."

मी लगेच उपाय सांगायला लागले. गुरुवारी आपल्या घरी मराठी प्रार्थना ठेवू, परतवाड्याची भक्ती मोबाईलवर लावून देते. ती भाजीतून मान वर न करता म्हणाली, "तू सोय करून राहिली. मी सोय मागितली का?"

"मग काय करू? उद्या कमिटी बसली तर मी पुन्हा तोच ठराव मांडीन."

"मांड ना. पोट्टे येऊन राहिले, मले दिसत नाही का? पण मले काय सांगून आणलं होतं तू? घरात एका शब्दानं तरी विचारलं?"

"नाही."

"काहून?"

"तू नको म्हणाली असतीस."

"आता कशी खरं बोलली!" आईनं देठांचा ढीग माझ्याकडे सारला आणि उठून गेली.

माफी मागणं मला जमत नाही. पुढच्या प्रभुभोजनापर्यंत मी काही बोलले नाही. त्या दिवशी ताट पुढच्या बाकापर्यंत आलं तेव्हा मी तिच्यापुढे हात केला. "सलाम, आई. तू नको म्हणशील म्हणून तुला विचारलं नाही. चुकलं माझं." तिनं माझ्याकडे नीट बघितलं, हात हातात घेतला, सलाम म्हणाली आणि भाकर घेतली.

मला वाटलं, मिटलं. बाहेर आल्यावर चपला घालता घालता ती म्हणाली, "मन साफ झालं, बरं. करमत मात्र नाही."

तुम्ही फोनवर नेहमी विचारता, आईला तिकडे करमते का. मी "हव, एकदम मजेत" असं सांगत आले. ते खरं नाही. रायपूर माझं घर झालं, कृपाचं तर आहेच. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आईचंही थोडंसं होत होतं, ते मी मोडलं. यापुढे विचारलंत तर फोन तिच्याच हातात देईन. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसेन.