डिंभ्याच्या कुंपणावरची जाळी

मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की डिंभे धरणाच्या काठी बंदी असलेली बारीक घरांची जाळी खुशाल कुंपणावर वाळत घालतात, कायदा कुणी पाळत नाही. हे साफ चूक आहे. ती जाळी जप्त केलेली होती. जुना लेख काढलेला नाही. माझी पहिली शाळा घरातच, आत्यापाशी झाली. चूक खोडायची नाही, शेजारी बरोबर लिहायचं, ही तिची शिस्त.

मागच्या वेळी ज्यांच्याकडे जेवले, त्या मासेमार सोसायटीच्या अध्यक्षा हिराबाईंनी फोन करून मला सुनावलं. मग शनिवारी पुन्हा निघाले. सोबत सरिता, नेपाळहून पुण्यात पर्यावरण कायदा शिकायला आलेली मैत्रीण. जुन्नरहून घोडेगावपर्यंत एसटी मिळते. पुढे तिचा भरवसा धरू नका, जीप बघा. भरल्याशिवाय ती हलत नाही, तेव्हा भेळ घेऊन बसा.

पोचलो तेव्हा होड्या परतत होत्या. हिराबाई प्रत्येक जाळ्याच्या घरात तीन बोटं घालून बघत होत्या. ती सहज गेली नाहीत, म्हणजे माशांची पिल्लंही अडकणार. असं जाळं जप्त करून रस्त्याकडच्या कुंपणावर टांगतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

एका जाळ्यात बोटं अडकली. जाळं त्यांच्या धाकट्या दिराचं.

“वैनी, घरच्याला तरी सोडा की!”

“भाकरी घरी वाढीन. जाळं हितं ठिव.”

“दगडूभाऊ, आता टोपल्यानं धरा मासं!” कुणीतरी ओरडलं. दगडूभाऊंनी हसत, पण कान लाल करून, स्वतःच जाळं टांगलं.

सरिता म्हणाली, “आमच्याकडे गाव जंगल असंच राखतं. पण दिराला? माझ्या काकूला नाही जमणार!”

तांदळाची भाकरी, माशाचं कालवण वाढताना हिराबाई म्हणाल्या, “तुमचं लिवलेलं ठेकेदारानं छापून सायबाला दिलंय. म्हणतोय, ह्ये कायदा पाळत न्हाईत, ह्यांना धरण देऊ नका.”

मासेमारीचा करार पुन्हा सोसायटीला द्यायचा की त्या बाहेरच्या ठेकेदाराला, याची सुनावणी घोडेगावात आहे.

“मी येऊन सांगू?”

“आमी सांगतोच की. पण लिवलं तुमी, तवा तुमी बी या.”

घरी आल्यापासून कुंपणावरच्या जाळ्यांचे काढलेले फोटो पुन्हापुन्हा तपासतेय. साहेबांसमोर आवाज फुटेल ना, ही धाकधूक आहेच. तरी सरिता आता हिराबाईंची गोष्ट नेपाळात सांगणार, याचा मला लई अभिमान वाटतोय. ‘लई’ हा शब्दही डिंभ्याचाच.

एसटी चुकायला नको म्हणून सोमवारीच हिराबाईंकडे मुक्कामाला जातेय. साहेबांना द्यायला हा लेख छापून घेतलाय. सुनावणीत बोलणार आहे येत्या मंगळवारी, त्यांच्या शेजारी उभी राहून.