हिला चालतं

"ही खाईल. हिला चालतं."

मृणालताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. समोर चटई अंथरलेली. चटईवर पातेलंभर भात, आंबट-तिखट रश्श्यातला मासा, आणि गोंगगोंग म्हणजे उकडलेल्या समुद्री गोगलगायी. पलीकडे एक म्हातारी बाई हातात डाव घेऊन बसलेली. सगळं गाव तिला नेनेक म्हणत होतं. नेनेक म्हणजे आजी. तिनेच सकाळपासून आमच्यासाठी रांधलं होतं.

"आम्हाला सगळ्यांना पुआसा," मृणालताईंनी तिला हसत सांगितलं. पुआसा म्हणजे उपास. सिंगापूरमध्ये राहून तेवढा शब्द सगळ्यांना येतो. मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत, "कोणीतरी खायला हवं गं. नाहीतर बरं दिसत नाही. तू बस."

मी बसले.

राग आला का? नाही. वाईट वाटलं का? तेही नाही. काहीच वाटलं नाही. पायाला मुंग्या येऊन तो बधिर होतो तशी मी आतून बधिर होते, आणि तशीच कित्येक वर्षं होते.

मी नांदेडकडची. बौद्ध. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मृणालताई आमच्या मराठी ग्रुपच्या सर्वेसर्वा आणि त्यांचे यजमान माझे मॅनेजर. माझ्या पासचं, म्हणजे सिंगापुरात राहून नोकरी करायच्या परवान्याचं, रिन्यूअल तेव्हा यजमानांकडेच अडकलं होतं. पहिल्या भेटीत ताईंनी मला आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. त्या तिसऱ्या प्रश्नानंतर त्या माझ्याशी फारच गोड वागायला लागल्या.

इंडोनेशियातल्या एका बेटावरच्या या गावाला मदत करायची कल्पना ताईंचीच. मला नेलं ते भाषेसाठी. जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत एक इंडोनेशियन नर्स राहते. स्वयंपाकघरात तिच्याशी बोलता बोलता मी कामापुरती भाषा शिकले. हार्बरफ्रंटहून फेरीने बाताम, तिथून लाकडी बोटीने पुढे. समुद्र खवळलेला. अर्धी मंडळी ओकली. बोटीत एकीने मला विचारलं, "लहानपणी तुमच्याकडे असंच असेल ना गं? तुला सवय असेल." तिला खरंच माहिती हवी होती. मी मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिने ठरवलं.

गाव पाण्यात उभं. खांबांवर घरं, घराघरांमध्ये फळ्यांची वाट. काही फळ्या निघालेल्या, तिथे लोक न बघता पाय लांब टाकतात. वीज संध्याकाळी, तीही जनरेटरला डिझेल असेल तर. नर्स समुद्र शांत असेल तेव्हा येते. समुद्र शांत नसताना एक बाळंतीण बोटीतच गेली, ते नेनेक मला चटईवरची घडी सरळ करता करता सांगत होती. शाळेच्या दोन खोल्या, सगळ्या वर्गांना मिळून एक मास्तर. तरणे बाप्ये बातामला जहाजांच्या कामावर. आणि विहीर खारट झालेली. पिण्याचं पाणी दुसऱ्या बेटावरून पिंपांत भरून बोटीने येतं.

आम्ही काय नेलं होतं? पाण्याचे फिल्टर. त्याने गाळ जातो, मीठ जात नाही. तुम्हाला काय हवंय, असं गावाला कुणी विचारलंच नव्हतं. फोटो मात्र छान आले.

आमच्यासाठी तो भात पिंपातल्या गोड्या पाण्यात शिजवलेला होता. नेनेकने मला तसं सांगितलं. मी ते मृणालताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो गं, पण भांडी कशात धुतात कोण जाणे." आमच्यातले निम्मे लोक सिंगापूरच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर, चिली क्रॅब म्हणजे तिखट खेकडे बोटं चाटून खातात. तिथली भांडी कशात धुतात, ते त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

तर मी बसले. नेनेकने मला वाढलं. मग तिने बाकीच्या जेवणावर वेताची रंगीत झाकणं घातली. पोरं ताटल्या घेऊन आली होती, त्यांच्या आयांनी त्या काढून घेतल्या. मला कळेना. नेनेकनेच समजावलं. गाव मुसलमानांचं, त्यांच्या लेखी पुआसा म्हणजे रोजा. पाहुण्यांचा उपास आहे, त्यांच्या देखत आम्ही कसं खाणार? सूर्य मावळला की त्यांचा उपास सुटेल, तेव्हा सगळे मिळून बसू.

आमची बोट त्याच्या कितीतरी आधी निघणार होती.

मी एकटी जेवत होते. सगळं गाव भोवती बसून बघत होतं. मासा ताजा होता, रश्श्याचा वास घरभर होता, आणि पोरं आवंढे गिळत होती. मी घास चावत राहिले. मला चव लागली नाही. आमच्या गावात लग्नाच्या पंगती उठल्यावर आई आम्हाला घेऊन बसायची, तेव्हा आम्ही शेवटी असायचो. इथे मला सगळ्यात आधी बसवलं होतं. तरी ती पंगत तीच होती, हे मला चौथ्या-पाचव्या घासाला कळलं.

तेवढ्यात एक लहान मुलगी पळत आली आणि नेनेकच्या कानाला लागली. शाळेच्या मागे पाहुणे खात होते. दशम्या, भडंग, चटणी. तिने हाताने तोंडाकडे खूण करून दाखवलं.

नेनेकने माझ्याकडे बघितलं. "त्यांचा उपास आहे ना?"

पाठोपाठ मृणालताई आल्या. ओठाला भडंगाचा दाणा चिकटलेला. "अगं, सांग तिला, तो प्रसाद होता. प्रसाद उपासाला चालतो म्हणावं. पटकन सांग, पोरं फार बघतायत."

मी ताटात हात तसाच ठेवला. नेनेकला सांगितलं, "मेरेका तिदाक पुआसा." त्यांचा उपास नाही. आणि पुढचंही सांगितलं. त्यांना तुमच्या हातचं खायचं नाही.

"काय सांगितलंस?" मृणालताई.

"जे आहे ते."

नेनेक ओरडली नाही. तिने झाकणं काढली, पोरांना हाक मारली आणि वाढायला घेतलं. आमच्या लोकांकडे तिने पुन्हा मान वळवून बघितलं नाही. वाढता वाढता मला विचारलं, "मग तू का खाल्लंस?"

"मला पाठवलं."

"म्हणजे तूही माझ्या घरी जेवली नाहीस."

तिने हे साध्या आवाजात म्हटलं. माझं कौतुक केलं नाही, मला जवळ घेतलं नाही. मी खरं बोलले म्हणून मी तिची झाले नव्हते. तिने साठवलेल्या गोड्या पाण्यातला भात मी कुणाची तरी सोय म्हणून गिळला होता. तेव्हा मला लाज वाटली. बऱ्याच वर्षांनी काहीतरी वाटलं, ते हे.

परतीच्या फेरीत माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. हार्बरफ्रंटला उतरल्यावर मृणालताई एवढंच म्हणाल्या, "कितीही आपलं म्हणा, शेवटी जायचं तिथेच जातात." कोणाला म्हणाल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं.

सोमवारी त्यांच्या यजमानांनी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. काच असलेली खोली, बाहेरून सगळं दिसतं, ऐकू येत नाही.

"मृणाल फार दुखावली आहे. ग्रुपवर एवढंच टाक, भाषेमुळे गैरसमज झाला. विषय संपला."

"गैरसमज झाला नाही. मी बरोबर सांगितलं."

"तुझं रिन्यूअल माझ्याकडे आहे. विचार कर."

"केलाय."

मी जागेवर येऊन काम सुरू केलं.  

पासचं अजून कळलेलं नाही. ग्रुपमधून मला काढलं. पुढची ट्रिप ठरते आहे आणि भाषेसाठी माणूस शोधताहेत, असं कानावर आलं. परवा त्यांच्यातल्या एकीचा फोन आला. झालं गेलं विसर, तुझ्यासारखं त्या लोकांत मिसळायला आम्हाला नाही जमत, म्हणाली. मी तिला सांगितलं, ते तुमचं तुम्ही शिका. नेनेकच्या दारात मी जाईन तर माझ्या पायाने जाईन, बसेन तर माझ्या भुकेने बसेन, आणि तिने नको म्हटलं तर दारातून परत फिरेन. पण यापुढे मला कुणी पाठवायचं नाही.