लपून आहे तोवर वाजणारं गाणं

पोराच्या कॉम्प्युटरवरच्या त्या खेळातल्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. अंगात काळे कपडे, तोंडाला फडकं, आणि कामधंदा काय, तर दुसऱ्याच्या गोदामात अंधारातून चोरासारखं फिरायचं. पहारेकऱ्यांना दिसायचं नाही, बस, एवढाच खेळ. पोरगा आजारपणात घरी बसला, त्या पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "हा काय खेळ झाला बे? लढाचं तं समोर येऊन लढ ना." तो हसला, हसता हसता खोकत सुटला, आणि बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं व्हरांड्यात येऊन बसलो.

खेळ मला कधी कळला नाही. त्याचं संगीत मात्र पाठ झालं. भिंतीच्या अलीकडे बसून पाठ झालं.

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लोअरवर होतो, सगळी नोकरी तिथेच. भट्टीला वारा पुरवणारं हे मशीन, एखाद्या घराएवढं. मीटर खूप होते, पण आम्ही जुने लोक कानांवर चालायचो. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत काय चाललंय ते कळायचं. वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: आवाज एकसारखा आहे तोवर चहा प्या, बदलला की पळा. चालत्या मशीनला उगाच हात लावायचा नाही.

सेक्टर सहामधल्या, म्हणजे आमच्या कॉलनीतल्या, बायकांनाही हीच सवय. प्लांटची घरघर आमच्याकडे दिवसरात्र असते. गावाकडून, भंडाऱ्याहून पाहुणे आले की त्यांना झोप लागत नाही, आणि आम्हाला गावी गेलं की तिच्याशिवाय लागत नाही. कधी ती घरघर एकदम थांबली, की ब्लॉकमधल्या बायका हातातलं टाकून फाटकाशी यायच्या आणि प्लांटच्या गेटकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहायच्या. जिचा माणूस ड्यूटीवर, ती तो दिसेपर्यंत हलायची नाही. माझी बायको पोराला कडेवर घेऊन उभी राहायची. मी स्कूटर लावता लावता चिडायचो, "मेलो होतो का मी?"

"मेले नाही, हेच पाहाले तं आली," ती म्हणायची आणि आत जाऊन कणीक मळायला घ्यायची.

पोराला प्लांटमध्ये काही लागलं नाही. आमच्या वेळची भरती आता कुठे राहिली! तो रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. पहिल्या कमाईतून त्यानं कॉम्प्युटर घेतला, आणि तो खेळ. मग एक दिवस दुरुस्ती चालू असताना तिथे गॅस सुटला. पोरगा जिवंत बाहेर आला, फुफ्फुसं मात्र आतच राहिली म्हणा ना. ठेकेदार दवाखान्यात एकदा मोसंब्या घेऊन आला, त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. तो आजही दुर्गला मोठ्या गाडीतून फिरतो. ती गाडी दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

डॉक्टरनं घरी सोडताना स्पष्ट सांगितलं. फुफ्फुसं सुधारायची नाहीत. ऑक्सिजनचं मशीन लावून ठेवा. आणि लक्ष ठेवा, याचा श्वास कधीही अडकेल, लगेच आणलात तर वाचेल.

लक्ष ठेवा! सत्तावीस वर्षांच्या पोरावर लक्ष कसं ठेवतात, हे डॉक्टरनं सांगितलं नाही. मी पाणी द्यायच्या निमित्तानं जायचो, पंख्याच्या निमित्तानं जायचो, खिडकीच्या फटीतून बघायचो. दर वेळी पकडला जायचो. एकदा तो चिडून ओरडला, "बाबा, मी काय मीटर आहो का? कावून सारखं रीडिंग घ्याले येता?" आणि हातातला पेला त्यानं भिंतीवर फेकला. एवढ्यानंच त्याचे ओठ निळे पडले. आई पाठ चोळत बसली आणि मी काचा वेचत बसलो.

संध्याकाळी त्यानंच तोड काढली. त्याला हेडफोन लावता यायचे नाहीत. नाकातली नळी कानांमागून जाते, तिच्यावर ते टोचायचे. म्हणून खेळाचा आवाज स्पीकरवर असायचा आणि घरभर ऐकू यायचा. तो म्हणाला, "देखो बाबा, दार बंद राहीन. गाणं वाजून राहिलं म्हणजे मी आहो. टेंशन नाही घ्याचं."

"गाणं तं टेपवरबी वाजते," मी म्हटलं.

"हे तसं नाही ना. हे माझ्याकडे पाहून वाजते." मग त्यानं मला बाजूला बसवून दाखवलं. त्याच्या आजारपणातला तो माझा सगळ्यात चांगला तास. माणूस अंधारात लपलेला असला, की खाली एकच जाड सूर, आणि त्यावर थांबून थांबून एक ठोका. पहारेकऱ्याला संशय आला, की वरून व्हायोलिनची बारीक किरकिर सुरू, जणू कुणी पाटीवर नख ओढतंय. पकडला गेला, की ढोलताशे, तुताऱ्या, सगळं एकदम अंगावर. पळून पुन्हा लपला, की एकेक वाद्य गळत जातं आणि शेवटी तो जाड सूर उरतो. कुणीतरी बसून हे सगळं रचलं असेल, प्रत्येक घाबरण्यासाठी वेगळं. मी थक्क झालो बापा.

"आनं हे संपते कधी?" मी विचारलं.

"लपून आहे तोवर संपतच नाही. बसून राहा, वाजत राहीन."

मी त्या आवाजांना आमची नावं दिली. जाड सूर म्हणजे नॉर्मल रनिंग. किरकिर म्हणजे व्हायब्रेशन. ढोल वाजले की ट्रिप, म्हणजे मशीन झटक्यात बंद पडणं. मग मी स्वयंपाकघरातून ओरडायचो, "ट्रिप झाला रे झाला!" आणि आतून तो ओरडायचा, "अबे बाबा, चूप ना!" बायको म्हणायची, बापलेक दोघंही वाया गेले. पण तीही कान देऊन असायची. पोळ्या लाटताना तिचा हात थांबला, की समजायचं, आत व्हायोलिन लागलंय.

हिवाळ्यात त्याचं खाणं उतरलं. बाथरूमपर्यंत जायला धरावं लागायचं, आणि धरलेलं त्याला खपायचं नाही. खेळ मात्र चालू. ट्रिप कमी व्हायला लागले. पूर्वी तासाभरात चारदा ढोल वाजायचे, आता अख्खी दुपार नुसता जाड सूर. मला वाटलं, पोराचा हात बसला. मी कौतुकानं म्हटलंही, "पक्का झाला हो आपला." बायको म्हणाली, "पक्का नाही, थकून राहिला तो. बोटं उचलत नाहीत त्याचे." मी म्हटलं, तुला काय कळते त्यातलं. असं म्हणायची मला सवयच होती.

त्या दिवशी ती त्याच्यासाठी संत्री आणायला बाजारात गेली. मी व्हरांड्यात उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसलो. आतून जाड सूर येत होता, थांबून थांबून ठोका. त्याच्या खाली ऑक्सिजनच्या मशीनची फुसफुस. दोन्ही एकसारखे, कुठे खरखर नाही. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. घर शांत, ऊन कोवळं, पोरगा लपलेला. कुणी त्याला पाहिलं नाही अजून, असं मनात म्हणत मी शेंगा सोलत होतो. दाण्यांचा आवाज होऊ नये म्हणून भांड्यात फडकंही टाकलं होतं.

ती आली. "कसा आहे?"

"मस्त. एकदाबी पकडला गेला नाही आज."

ती पिशवी हातात धरून उभी राहिली, ऐकत. "चाय मांगितला का त्यानं?"

"नाही. चालत्या मशीनले कायले हात लावतं, खेळू दे ना."

तिनं पिशवी तिथेच ठेवली आणि दार उघडलं.

तो खुर्चीत होता. हनुवटी छातीवर, नळी नाकात, एक हात की-बोर्डवर. समोर तो काळ्या कपड्यांतला माणूस खोक्यांच्या मागे अंधारात दबा धरून बसला होता. पहारेकरी जवळून जायचा, वळायचा, परत जायचा. त्याला काही दिसत नव्हतं. डॉक्टर आला आणि म्हणाला, बराच वेळ झाला. किती, ते मी विचारलं नाही. आयुष्यभर या कानांच्या भरवशावर मी लोकांचे जीव सांभाळले, आणि त्या दुपारी मी त्यांच्याच भरवशावर शेंगा सोलत बसलो. या कानांचा मला आज संताप येतो. आवाज चालू म्हणजे सगळं ठीक, हे आम्हा प्लांटच्या लोकांच्या हाडात शिरलेलं आहे, आणि तेच आम्हाला नडलं.

ब्लॉकमधली माणसं जमली. त्याला खाली निजवलं. गाणं वाजतच होतं. कुणीतरी बंद करायला पुढे झालं, तर मी अंगावर धावून गेलो. घराएवढं मशीन मी या हातांनी कितीदा बंद केलं आहे, पण तिथे एक बटण दाबवेना. मला वाटायचं, काही दाबलं की तो माणूस हलेल, उजेडात येईल, आणि ढोल वाजायला लागतील. मी म्हणत होतो, राहू द्या, त्याला कुणी पाहिलं नाही अजून. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

शेवटी शेजारचा छत्तीसगढी गृहस्थ, माझ्याबरोबर शिफ्ट केलेला, त्यानं माझा खांदा धरला. "बंद कर देवँ का भैया?" मी बाजूला सरलो. त्यानं भिंतीवरच्या बोर्डाची सगळी बटणं बंद केली. गाणं थांबलं आणि ऑक्सिजनचं मशीनही थांबलं.

बायको तोवर त्याच्या उशाशी बसून होती. रडली नव्हती. त्याचे केस सारखे करत होती. घरातली घरघर थांबली तशी तिनं मान वर केली. मग उठली, माणसांमधून वाट काढत बाहेर गेली आणि फाटक धरून उभी राहिली, गेटकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत. बायकांनी हाका मारल्या. ती वळली नाही.

मी तिला आत आणायला गेलो होतो. पण मीही तिच्या बाजूला उभा राहिलो आणि त्या रस्त्याकडे बघत राहिलो.