विष पचवणारा राजा आणि आत्याबाईंचा डबा

माझ्या सासूबाईंच्या बाजेखाली एक पितळी डबा असतो. त्याला हात लावायची परवानगी घरात कुणालाच नव्हती. माझ्या नवऱ्याला नाही, नणंदेला नाही. मी तर वाशीमहून केनवडला आलेली, शाळेत इतिहास शिकवणारी सून. माझा नंबर मांजराच्याही मागे.

त्या डब्यात बिब्ब्यावरचा उतारा होता. थंडी ओसरू लागली की आमच्या गल्लीतल्या बाया बिब्बे फोडायला बसतात. दगडावर बिब्बा ठेवायचा, वरून हातोडीचा नेमका घाव घालायचा, की टरफलातून पांढरी गोडंबी बाहेर येते. चवीला ती बदामाच्या तोंडात मारेल अशी. पण टरफलातलं काळं तेल अंगाला लागलं तर कातडी भाजते, फोड येतात, तोंड सुजतं. बिब्बा उतला, म्हणतात. बाया हाताला तेल आणि राख चोपडून बसतात, तरी दर वर्षी कुणाला ना कुणाला उततोच. मग ती बाई आमच्या दारात.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई तिला ओसरीत बसवायच्या, डबा ओढायच्या आणि आधी हुकूम सोडायच्या, "पाठ फिरवा!" तो हुकूम फक्त त्या बाईला नव्हता. ओसरीत जे कोणी असेल त्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. एकदा मतं मागायला आलेले पुढारीसुद्धा हात जोडलेले तसेच ठेवून भिंतीकडे वळले होते. आम्ही भिंतीकडे बघत उभे आणि मागे मुळ्यांची खडखड, पाट्यावर वरवंट्याची घरघर, काहीतरी पुटपुटणं. शेवटी हिरवट काळा लेप आणि एक तंबी, "तीन दिस खाजवजो नको. हात लावला तं औषध उतरते."

आणि बाया बऱ्या व्हायच्या. शपथेवर सांगते, व्हायच्या.

मला ते औषध शिकायचं होतं. आत्याबाईंचे हात आता थरथरत होते आणि त्यांच्याबरोबर ही विद्या बुडेल, असं मी लोकांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी या घरात मी पाहुणीसारखीच होते. त्यांनी मला डबा उघडून दाखवला की मी या घरची, असं मी मनाशी पक्कं करून बसले होते.

"आत्याबाई, मले शिकवा ना."

"तुले कायले पाह्यजे? तू आपली शाळा पाय."

नऊ वर्षं हेच उत्तर. शब्दही बदलला नाही.

अशात वाशीमच्या वाचनालयातून मी एक जुनं पुस्तक आणलं. काळ्या समुद्राकाठचा एक राजा, ज्याने रोमला आयुष्यभर झुंजवलं. त्याचं नाव इतकं लांब आणि वळणावळणाचं की वर्गात फळ्यावर लिहिताना माझा खडू मोडला, म्हणून इथे ते नको. या राजाला लहानपणापासून एकच भीती, कुणीतरी आपल्याला विष घालणार. मग तो रोज चिमूटभर विष स्वतःच खायचा, म्हणजे अंगाला सवय होईल. शिवाय साऱ्या विषांवर चालणारा एक उतारा त्याने तयार केला होता आणि त्याची कृती जिवापलीकडे जपली होती.

ही गोष्ट मी वर्गात अशी रंगवून सांगितली की घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी मागच्या बाकावरच्या एका पोरीने विचारलं, "मॅडम, मंग तुमच्या आत्याबाईले बिब्बा उतत नाही, ते बी असंच असन का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. चाळीस वर्षं बिब्बे फोडून आत्याबाईंचे हात काळे झाले होते, पण एक फोड कधी पाहिला नव्हता. म्हणजे सवयच! त्या शिकवत नाहीत ना, नको शिकवू देत. मी स्वतःच्या अंगालाच शिकवीन आणि उघड्या हातांनी त्यांच्या शेजारी फोडायला बसेन.

माणूस शिकला की त्याला सगळंच कळतं, निदान त्याला तसं वाटतं. मी रोज शाळेत जाण्याआधी सुईच्या टोकाने बिब्ब्याचं तेल दंडावर टेकवू लागले. पहिला दिवस काही नाही. दुसरा, तिसरा, चौथा, काही नाही. मी राजासारखी मान ताठ करून वर्ग घेत होते. सातव्या दिवशी दंडाला खाज सुटली, मी कराकरा खाजवलं आणि त्याच बोटांनी डोळे चोळले.

संध्याकाळपर्यंत माझं तोंड लाल भोपळा झालं. डोळे पार मिटले. नवऱ्याने आधी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला, मग गाडी काढून डॉक्टरकडे नेलं. हा क्रम मी विसरलेली नाही. इंजेक्शन घेऊन परत आले तर ओसरीत आत्याबाई वाट बघत बसलेल्या.

"काय करून राह्यली होती वं तू?"

मी सगळं सांगितलं. राजा, विष, सुई, सगळं. मला वाटलं, आता काही खरं नाही. आणि मग बाज कुरकुरायला लागली. आत्याबाई हसत होत्या. पदर तोंडात कोंबल्यासारखं दबकं हसू, मग खोकला, परत हसू.

"अवं, मले काही सवय नाही लागली. पह्यल्या वर्षी मले बी असाच उतला होता. तवापासून तेल लावल्याबिगर मी बिब्ब्याकडे पायतबी नाही!"

मग त्यांनी डबा ओढला. माझे डोळेच मिटलेले, त्यामुळे पाठ फिरवायचा हुकूम सुटला नाही. मुळ्या खडखडल्या. पाटा घरघरला. आणि डोळ्यांचं सगळं काम नाकाने हाती घेतलं. हा वास मला ठाऊक होता. रोज सकाळ-संध्याकाळ ठाऊक होता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "हे तं तीळ हायेत. अन् खोबरं. अन् सांबार!"

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पाटा थांबला.

"हळू बोल," त्या म्हणाल्या.

"अन् त्या मुळ्या?"

"सुंठ अन् वेखंड. वाजवाले ठेवल्या. तुहे सासरे जत्रेतून आणत."

"मंग एवढं पाठ फिरवनं कायले?"

"अवं, घरचे तीळ लाव म्हटलं तं कोन लावते? अन् लावलं तरी खाजवल्याबिगर ऱ्हायते का? तू ऱ्हायली का? डब्यातलं औषध म्हटलं की भेवानं तीन दिस हात लावत नाहीत. बरं होते ते हात न लावल्यानं."

लेप थंडगार होता. मी विचारलं, मग मला नऊ वर्षं का नाही सांगितलं?

"तू मास्तरीन. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिवलं असतं."

लिहिलंच असतं. अगदी एक, दोन, तीन असे आकडे घालून. मला इतका आनंद झाला होता की सुजलेल्या तोंडाने हसताना गाल दुखले. (आता मात्र लिहायला त्यांची परवानगी आहे. "पुस्तकात लिव," म्हणाल्या, "पुस्तक कोन वाचते?")

डोळे उघडल्यावर मी राजाची उरलेली गोष्ट वाचली. तो हरला. शत्रूच्या हाती लागायला नको म्हणून त्याने विष घेतलं, तर सवयीच्या अंगाला ते लागेना; शेवटी आपल्याच एका शिपायाला तलवार चालवायला सांगावी लागली. पुढे रोमच्या सेनापतीला त्याच्या कागदपत्रांत ती जपलेली कृती सापडली, असं म्हणतात. त्यात काय होतं? दोन सुकी अक्रोडं, दोन अंजिरं, सताप या उग्र वासाच्या झुडपाची वीस पानं आणि चिमूटभर मीठ. ज्या रोमशी तो जन्मभर भांडला, त्याच रोमने त्याच्या नावाचा उतारा पुढे शेकडो वर्षं वापरला. मी हे आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे बी सून असन."

माझ्या लेपाच्या चौथ्या दिवशी गल्लीतली एक बाई हात सुजवून आली. माझ्या चेहऱ्यावर अजून खपल्या होत्या. मी सवयीने भिंतीकडे वळणार, इतक्यात आत्याबाईंनी पायाने डबा माझ्याकडे सरकवला. मी पाट्यासमोर बसले, घसा खाकरला आणि वर्गात लावते तो आवाज लावला.

"पाठ फिरवा!"

ती बाई वळली. दारात उभा माझा नवरा वळला. आणि बाजेवर बसलेल्या आत्याबाई गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू, भिंतीकडे तोंड करून बसल्या.