पडद्यावरचा पिवळट डाग

आमच्या भाऊजींना कारखान्यात सगळे गोगलगाय म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं, आणि तेव्हा त्याची मला लाजही वाटली नाही. ताईचं लग्न झालं तेव्हापासून हा माणूस मला डोळ्यांसमोर नको असे. चहाचा कप विसळायला पाच मिनिटं! चपला काढल्या तरी दोन्हींची टोकं एका रेषेत. आणि एवढं करून त्यांना नोकरी लावली कोणी? मी. ताई डोळ्यांत पाणी घेऊन आली म्हणून मालकांकडे शब्द टाकला, आणि तेही मी चारचौघांत हजारदा ऐकवलं.

आमच्याकडे दुकानांवर, मैदानांवर लावायचे मोठे एलईडी पडदे तयार होतात. एका पडद्यात लाखो बारीक दिवे, आणि एकाच खोक्यातले असले तरी दोन दिवे सारखे उजळत नाहीत. भाऊजींचं काम म्हणजे काळ्या भिंतींच्या खोलीत पडदा उभा करायचा, समोर कॅमेरा लावायचा आणि एकेका दिव्याचा उजेड मोजायचा. आधी लाल, मग हिरवे, शेवटी निळे. जो दिवा जास्त उजळतो त्याला तेवढा खाली आणणारा आकडा पडद्यात भरायचा. मग सगळे सारखे दिसतात. एका पडद्याला अख्खा दिवस लावायचे हे गृहस्थ! खोलीच्या दारावर त्यांच्या हातची पाटी होती: ‘मोजणी चालू. आत येऊ नये. यायचंच असेल तर काळा झगा घालावा.’ झगा शेजारीच खुंटीला. मी त्याला कधी हात लावला नाही. दिव्यांची शिरगणती करणारा माणूस मला कपडे घालायला शिकवणार?

माल बाहेर पाठवायचं काम माझं. त्या दिवशी दुपारी चारला गाडी दारात उभी, गाडीवाला हॉर्न वाजवून डोकं उठवतोय, आणि पडदा अजून भाऊजींच्या खोलीतच. मालकांकडे पाहुणे यायचे होते म्हणून मी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तसाच दार ढकलून आत घुसलो आणि थेट पडद्याच्या डाव्या कडेला खेटून उभा राहिलो.

“बाहेर हो आधी,” भाऊजी म्हणाले. “निळे चाललेत.”

“निळे असोत नाहीतर जांभळे, गाडी थांबणार नाही.”

“अरे, तुझा शर्ट...”

“माझ्या शर्टाचं तुम्हाला काय पडलंय हो?”

मग मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो चांगली पाच मिनिटं. कमरेवर हात ठेवून सगळं काढलं, अगदी त्यांच्या कप विसळण्यापर्यंत. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, “निळे परत मोजावे लागतील. दीड तास दे.”

“दीड मिनिट मिळणार नाही.”

उरलेली मोजणी संपली तशी मी हमाल बोलावले आणि पडदा उचलायला लावला. भाऊजी कॅमेऱ्याचं झाकण हातात धरून नुसते बघत राहिले.

चौथ्या दिवशी पडदा परत आला. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि सगळा पडदा पांढरा करून दाखवला. डाव्या कडेला चहा सांडल्यासारखा पिवळट डाग!

“हे मोजलंय, की डोळे मिटून आकडे भरलेत?” मालक भाऊजींवर कडाडले. मग माझ्याकडे वळले. “तुमचे नातलग ना हे?”

“नातं घरी, साहेब,” मी म्हणालो. “काम चुकलं ते चुकलं.”

मला बरं वाटलं हे बोलताना, खोटं कशाला सांगू.

भाऊजींनी आधी नुसते लाल लावले. स्वच्छ. हिरवे लावले. स्वच्छ. निळे लावले, तर डाव्या कडेला उजेड मंदावलेला.

“निळे मोजताना इथे काहीतरी पांढरं उभं होतं,” ते म्हणाले. “त्याच्यावरून परत पडलेला उजेड कॅमेऱ्याने दिव्यांचाच धरला. दिवे जास्त उजळतायत असं वाटून मशीनने ते मंद केले. निळा कमी पडला की पांढरं पिवळट दिसतं.”

“कोण उभं होतं?”

डाग माझ्या पट्ट्याच्या उंचीवर सुरू होऊन कॉलरपाशी संपत होता. माझं पोट सुटलंय, डागही खाली फुगीर होता. भाऊजी माझ्याकडे बघत थांबले. चांगले थांबले. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

“खोली माझ्या ताब्यात होती,” ते शेवटी म्हणाले.

“मग उद्यापासून येऊ नका.”

बाहेर मी त्यांच्या मागे धावलो. “भाऊजी, ऐका तरी...”

“तू लावलेली नोकरी ना? घे, परत केली.” आवाज जराही चढला नव्हता. “तुझ्या बहिणीला मात्र तू सांगायचं. आजच. मी सांगणार नाही.”

मी ताईच्या खालच्या मजल्यावर राहतो. रोज तिच्या हातचा डबा न्यायचा आणि संध्याकाळी रिकामा वर द्यायचा. त्या संध्याकाळी डबा घेऊन गेलो तर भाऊजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी सगळं सांगितलं, जमेल तेवढं आटपतं घेत.

“आत कोण घुसलं होतं?” ताईने विचारलं.

“मी.”

“मालकांना बोललास?”

“बोलतो ना. उद्या.”

“आज का नाही?”

“अगं, माझी जाईल ना नोकरी!” मी ओरडलोच. खिडकीशी भाऊजी हललेसुद्धा नाहीत.

ताईने डबा माझ्या हातातून घेतला, घासला, कोरडा पुसला आणि स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

“मालकांना सांगशील त्या दिवशी खाली काढीन,” ती म्हणाली.

आठ महिने झाले. भाऊजींना अजून धड काम नाही. मी खानावळीत जेवतो. कधी वर गच्चीवर जायला निघालो आणि ताईचं दार उघडं असलं, की त्या फळीवरचा डबा दिसतो.