तिठ्यावरचं काळं फडकं

माझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पण तावडेकाका कुठेतरी लिहून ठेवावेत असं वाटतं, म्हणून मंदाच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली आहेत. चुका असतील त्या पोटात घालाव्यात.

मरोळला आमचा कंगव्यांचा कारखाना होता. तावडेकाका तिथे फाटकावर पहारेकरी. मूळचे मालवणकडचे, गिरणी सुटल्यावर इकडे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा डबा उघडून हुंगला. "ह्यां कोणाचां? कोणी भरल्यान? कदी भरल्यान?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारची म्हणाली, "घाबरू नको गं, ते मालकाचा डबा पण हुंगतात." खरंच हुंगायचे. मालकही निमूट उघडून दाखवायचे.

त्या वर्षी उत्तरेकडून रेडिओच्या डब्यात बॉम्ब ठेवून माणसं मारल्याच्या बातम्या येत होत्या, आणि त्यात नाव शिखांचं निघत होतं. बेवारस वस्तूला हात लावू नका, असं एक हवालदार आम्हाला सांगून गेला. वस्तूंचं राहिलं बाजूला, आम्ही माणसांकडेच तसं बघायला लागलो. कच्चा माल घेऊन येणारा टेम्पोवाला सरदारजी बलबीरसिंग चहाच्या टपरीवर आला की बाकडं रिकामं व्हायचं. त्याने माझं काही बिघडवलं नव्हतं, तरी मीही पदर सावरून पलीकडून जायचे.

काका त्याचा टेम्पो टायरपर्यंत तपासायचे आणि मग त्याच्याच शेजारी बसून बशीत चहा ओतायचे. कोणी टोकलं तर म्हणायचे, "संशय वस्तूचो घेवचो, माणसाचो नाय. बॉम ठेवणाऱ्याक काय होया? आपण एकमेकांक भिवचां, इतक्यांच होया."

तेव्हा माझी मंदा चार वर्षांची होती. सहा दिवस तिचा ताप उतरेना. डॉक्टरचं औषध चालू होतं, पण सासूबाई म्हणाल्या, नजर लागली आहे, तिठ्यावर उतारा ठेव. मागे बघायचं नाही आणि कोणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर पोरीवर उलटेल. सकाळी कामावर जाताना मी काळ्या फडक्यात नारळ, लिंबू आणि मंदाचं झबलं बांधून, काकांची पाठ वळलेली बघून, फाटकासमोरच्या तिठ्यावर ठेवलं. घरात दोरा नव्हता. शेजारच्या मोटार दुरुस्तीवाल्याच्या भंगारातली लाल तार मी गाठीला गुंडाळली होती.

तासाभरात काकांची शिट्टी वाजली. आम्ही सगळ्या बाहेर आलो. काळं, गोल, वर तार. काकांनी वाळूच्या बादल्या मांडून लोकांना लांब केलं होतं आणि ऑफिसातून पोलिसांना फोन लावला होता. फडक्यापासून वीस पावलांवर बलबीरसिंगचा टेम्पो उभा होता.

"त्यानेच ठेवलाय!" आमचा फिटर दत्ता ओरडला. "साल्याला धरा रे!"

"अरे भाई, मैं तो माल उतार रहा था," बलबीरसिंग म्हणाला. तेवढ्यात दगड आला आणि टेम्पोची पुढची काच खळकन फुटली.

काका हात पसरून टेम्पोपुढे उभे राहिले. "ठेवताना कोणी बगलां? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. "मगे? बगूक नाय नि दगड मारतास?" मग त्यांनी वळून फडक्याकडे बोट दाखवलं. "ह्यां कोणाचां?"

बोलले तर मंदावर उलटेल. दत्ताने दुसरा दगड उचलला होता. बलबीरसिंगच्या कपाळावर काच लागून रक्त येत होतं.

"काका," मी म्हटलं, "ते माझं आहे."

इतक्या माणसांत मी पहिल्यांदाच बोलले होते.

"कोणी ठेवल्यान?"

"मी."

"कदी?"

"सकाळी. उतारा आहे. मंदाचा."

"नि तार?"

"दोरा नव्हता, काका."

मी उचलायला पुढे झाले तर काकांनी मला हाताने अडवलं. "थांब गो बाय. तुज्यार इश्वास हा. वस्तू अजून तपासूची हा." पोलीस येईपर्यंत त्यांनी मलाही हात लावू दिला नाही. पोलिसांनी लांब काठीने गाठ सोडली. नारळ घरंगळत दत्ताच्या पायाशी गेला. दोघं-चौघं हसले, पण काचेकडे बघून पांगले.

बलबीरसिंग सीटवरच्या काचा वेचत होता. मीही जवळ जाऊन काचा वेचू लागले. त्यानेच विचारलं, "बच्ची कैसी है, बहनजी?"

काका मला म्हणाले, "काचेचे पैशे तुजे."

"पण दगड दत्ताने मारला."

"दत्ताक मी बगून घेतंय. तू काच फुटेपर्यंत गप रवलंस, तेची किंमत ही."

काच त्यांनी आपल्या पगारातून बसवून दिली. दत्ताला त्यांनी महिनाभर रोज टेम्पोतला माल उतरवायला लावला. मी दर पगाराला पाच रुपये काकांना द्यायचे. उतारा बोलून फुकट गेला होता, तरी मंदाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. सासूबाईंना मी काही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी काका गावी जायला निघाले. त्या पगाराला शेवटची पाचाची नोट मी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"ह्यां कोणाचां?"

"माझं."

"कोणी ठेवल्यान?"

"मी. आत्ता. तुमच्या डोळ्यांसमोर."

मग त्यांनी नोट उचलली, हुंगली आणि खिशात घातली. "फिटला," म्हणाले.